श्वासोच्छ्वास आणि आपले शास्त्रीय गद्य

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर हे स्थळ आता प्रवासवर्णनांना अपरिचित राहिलेले नाही. शिवसागराचे विस्तीर्ण जल, चोहोंकडचे सह्याद्रीचे दाट अरण्य, पावसाळ्यात दिवसचे दिवस डोंगरावरून न हलणारे धुके, यांचे वर्णन करून झाले की लेखक बहुधा एका ठरावीक वाक्यावर येऊन विसावतो. येथील हवेत प्राणवायू भरपूर आहे, शहरात कोंडलेली छाती येथे येताच प्राणवायूने भरून जाते, अशा अर्थाचे ते वाक्य असते. वाचकही मान डोलावून पुढे जातो. कारण शाळेत आणि घरात त्याने जे ऐकले, त्याच्याशी ते पूर्णपणे जुळते. आज आम्ही जे परीक्षण योजिले आहे, ते कोणा एका ग्रंथाचे नव्हे; ते ह्या वाक्याचे, आणि हे वाक्य ज्या गद्याच्या पोटी जन्मले त्या गद्याचे आहे.

वाक्य खरे नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन व २१ भाग प्राणवायू असतो, आणि हे प्रमाण मुंबईच्या गिरगावात व कोयनेच्या रानात सारखेच असते. कोयनानगर समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंच; तेव्हा तेथे हवेचा एकंदर दाबच समुद्रकाठच्या मानाने सात-आठ टक्के कमी, आणि त्या मानाने प्राणवायूचाही कमी. इतक्या उंचीवर ही तूट कोणास जाणवत नाही, कारण निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून बाहेर पडणारे रक्त प्राणवायूने जवळजवळ काठोकाठ भरलेले असते, आणि दाब थोडा उतरला तरी ते भरलेलेच राहते. अर्थात हवेत प्राणवायू अधिक असता तरी त्या रक्ताला त्याचा लाभ फारसा झाला नसता. भरल्या घागरीवर आणखी पाणी ओतले तर ते वाहूनच जावयाचे. मग कोयनानगरास मोकळे वाटते हा निव्वळ भास काय? मुळीच नाही. तेथे धूळ कमी, धूर कमी, गारवा आहे, आणि शहरात बसून राहणारा माणूस तेथे चालतो. लाभ खरा आहे. त्याचे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते.

साहित्याच्या मासिकात हा शरीरशास्त्राचा प्रपंच कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, शास्त्रीय गद्य हेही गद्यच आहे, आणि आपल्या भाषेत त्याची परंपरा लहानसहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, तेव्हापासून मराठीत शास्त्र सांगण्याचा उद्योग चालू आहे. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ निघाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे खंड निघू लागले. कथा, कविता व नाटक यांची आपण काटेकोर चिकित्सा करतो. परंतु शास्त्रीय लेख समोर आला, की माहिती बरोबर आहे की चूक एवढे पाहून आपण थांबतो. ती माहिती कोणत्या वाक्यरचनेत बसविली आहे, क्रियापद कोणाच्या तोंडी दिले आहे, उपमा कोठून आणली आहे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते श्वासोच्छ्वासाच्या बाबतीत खरा दोष तेथेच शिरला आहे.

प्रथम नावाचा विचार करू, कारण टीकाकारांचा सगळा रोष त्याच्यावरच असतो. ‘प्राणवायू’ हा शब्द जुन्या पंचप्राणांच्या कल्पनेतून उचलला आहे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान ह्या पाचांतील पहिला. ज्या मूलद्रव्याला हे नाव दिले त्याचा त्या कल्पनेशी काही संबंध नाही, म्हणून शब्द टाकून द्यावा आणि ‘ऑक्सिजन’ म्हणावे, असा एक पक्ष आहे. त्या पक्षाला आम्ही एवढेच स्मरण देतो की, ‘ऑक्सिजन’ हे नाव काही कमी चुकीचे नाही. ग्रीक धातूंवरून लाव्हाझिए याने ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बनविले. त्याचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. पुढे हम्फ्री डेव्ही याने ती खोटी ठरविली. नाव मात्र राहिले, आणि युरोपातील रसायनशास्त्राचे त्यावाचून काही अडले नाही. नावे जन्मतः चुकीची असली तरी वापराने सुधारतात. वाक्ये मात्र आपोआप सुधारत नाहीत, ती कोणीतरी बसून सुधारावी लागतात. आपण शंभर वर्षे शब्दांवर वाद घातला आणि वाक्यांकडे पाहिले नाही.

ते वाक्य असे : आपण शुद्ध हवा आत घेतो व अशुद्ध हवा बाहेर सोडतो, फुप्फुसांत अशुद्ध रक्त शुद्ध होते. आमच्या पिढीने हे पाठ केले, आणि आजही घरोघरी हेच सांगितले जाते. ह्यात एक नायक आहे, एक खलनायक आहे, आणि मध्ये सोवळ्याओवळ्याची रेघ आहे. कथा सुटसुटीत आहे यात शंका नाही. परंतु आकडे तिला साक्ष देत नाहीत. उच्छ्वासाच्या हवेतही शंभरांत सोळा भाग प्राणवायू असतो, आणि कार्बन डायऑक्साइड चार भागांच्या आसपास असतो. ही ‘अशुद्ध’ हवा इतकी उपयोगी आहे, की बुडालेल्या माणसाच्या तोंडात आपल्या तोंडाने ती फुंकून त्याचा जीव वाचविता येतो. तीच गोष्ट रक्ताची. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून फिरून परत आलेले ‘अशुद्ध’ रक्त प्राणवायूने सुमारे तीनचतुर्थांश भरलेलेच असते. ज्याला आपण ओवळे ठरविले, त्याच्या पदरी एवढी शिल्लक असते, हे त्या कथेत कोठेच येत नाही.

आता क्रियापदांकडे वळू. ‘आपण हवा आत घेतो, मग छाती फुगते,’ असे आपण सहज लिहितो. वास्तविक क्रम उलट आहे. फासळ्यांखालचा घुमटाकार स्नायुपडदा आकुंचन पावून सपाट होतो, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो, आणि मग बाहेरची हवा आपण होऊन आत शिरते. छाती फुगते म्हणून हवा येते. लोहाराच्या भात्याची उपमा जुन्या माणसांच्या तोंडी होती, ती ह्या दृष्टीने अगदी चोख होती. भाता उघडल्याशिवाय त्यात वारा शिरत नाही, हे लोहाराच्या पोराला कोणी शिकवावे लागत नसे. ती उपमा खेडवळ म्हणून आपण सोडली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही.

हा क्रम कळणे ही केवळ पंडिती हौस नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास झालेल्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि दगडमातीची असंख्य घरे कोसळली. कोणत्याही भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाच्या बाबतीत वैद्यांना एक गोष्ट ठाऊक असते : नाकातोंडाशी हवा पोहोचत असली तरी छातीवरचा भार जर तिला उचलू देत नसेल, तर तो गुदमरतो. श्वासाला हवा लागते तशी जागाही लागते. ‘हवा आत घेणे’ एवढेच ज्याने शिकले, तो अडकलेल्याचे तोंड मोकळे करून थांबेल. छाती आधी हलली पाहिजे हे ज्याला माहीत आहे, तो छातीवरचा दगडही तितक्याच घाईने दूर करील.

हवा आत आल्यानंतरची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वस्थ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. तीतील तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा श्वासनलिकांतच राहते. बाकीची तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. ह्या कोशांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सत्तर चौरस मीटरांच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या मध्यम बिऱ्हाडाएवढी. कोशातील हवा आणि भोवतीच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. रक्ताचा कण ह्या पडद्याजवळून पाऊण सेकंदात निघून जातो, आणि देवघेव त्यापूर्वीच, एकतृतीयांश वेळातच, आटोपलेली असते.

ही देवघेव कोण करतो? आमची पुस्तके म्हणतात, ‘रक्त प्राणवायू शोषून घेते.’ म्हणजे रक्त कर्ता झाले आणि वायू त्याचे भक्ष्य. ह्या क्रियापदाला आमचा आक्षेप आहे. तथापि केवळ आपल्या लेखकांना दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच क्रियापद भुलविते झाले होते. डेन्मार्कचा ख्रिस्तियन बोर आणि इंग्लंडातील जे. एस. हाल्डेन यांचे मत असे होते की, फुप्फुस एखाद्या ग्रंथीप्रमाणे प्राणवायू रक्तात ढकलते. बोरचाच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्याची पत्नी मारी क्रोग यांनी १९१० मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, फुप्फुस असे काहीही करीत नाही. वायू जेथे दाब अधिक आहे तेथून जेथे कमी आहे तेथे आपोआप जातो. गुरूच्या सिद्धान्ताविरुद्ध शिष्याला उभे राहावे लागले, ते ह्याच प्रश्नावर की येथे कोणी कर्ता आहे की नाही.

कोयनेच्या वाचकाला तरी हे समजावून सांगण्यास उपमा शोधीत दूर जावे लागू नये. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे नेले आहे; तेथे ते चारशे मीटरांहून अधिक खाली उतरून जनित्रे फिरविते. पोफळी काही त्या पाण्याला ओढून घेत नाही, आणि शिवसागर त्याला ढकलीत नाही. पातळीतील अंतर हेच सारे काम करते. फुप्फुसात हेच घडते. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, आणि येणाऱ्या रक्तात ४०. म्हणून तो रक्तात उतरतो. रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ आणि कोशात ४०. म्हणून तो बाहेर येतो. उपमा येथवर चालते. पुढे लंगडते, हेही सांगितले पाहिजे. पाणी एकाच दिशेने जाते. येथे दोन वायू एकाच पडद्यातून, एकाच क्षणी, परस्परविरुद्ध दिशांनी जातात, आणि प्रत्येक जण केवळ आपल्याच पातळीकडे पाहतो. जी उपमा कोठे संपते हे लेखक सांगत नाही, ती उपमा विद्यार्थ्याच्या डोक्यात नको तेथपर्यंत वाढत जाते.

ह्या क्रियेला परिभाषेत ‘विसरण’ म्हणतात. शब्द संस्कृताच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु मराठी मुलाच्या कानाला तो ‘विसरणे’ असाच ऐकू येतो, आणि मग त्याला ते खरोखरच विसरावयास होते. ‘झिरपणे’ हे घरचे क्रियापद मुलाला ठाऊक आहे; मात्र झिरपणारे पाणी खाली जाते आणि वायूला खालवर काही नसते. ‘पसरणे’ अधिक जवळचे आहे. परिभाषा ठेवावी, पण तिच्या शेजारी ही क्रियापदे बसवावी आणि त्यांची उणीवही तेथेच सांगावी. शब्द निवडण्यापेक्षा हे काम कठीण आहे, आणि म्हणूनच ते लेखकाचे काम आहे. कोशकाराने ते करून द्यावे अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

खलनायकाची हकीकत तर सर्वांत उद्बोधक. कार्बन डायऑक्साइड हा निव्वळ केर आहे, तो बाहेर टाकावयाचा, एवढेच आपण लिहितो. १९०५ मध्ये हाल्डेन आणि त्याचा सहकारी प्रीस्टली यांनी दाखविले की, स्वस्थ माणसाच्या श्वासाची लय प्राणवायूने नव्हे, तर प्रामुख्याने ह्या केरानेच ठरते. त्याचे प्रमाण किंचित वाढले की मेंदूतील श्वसनकेंद्र जागे होते आणि श्वास दुपटीने चालू लागतो. प्राणवायूचा दाब बराच खाली घसरेपर्यंत मात्र शरीर फारसे कुरकुरत नाही. हा वायू रक्तातील आम्लतेचा तोलही सांभाळतो. घाईघाईने खोल श्वास घेऊन तो फार बाहेर टाकला, तर चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

आश्चर्य हे की, आपल्या बोलीला ही गोष्ट पुस्तकांहून अधिक चांगली समजली आहे. ‘दम लागतो’, ‘धाप लागते’, ‘जीव गुदमरतो’, ‘श्वास कोंडतो’ : ह्यांतील एकाही प्रयोगात काही कमी पडल्याची तक्रार नाही, काहीतरी साचल्याची आहे. कोंडणे म्हणजे बाहेर जाऊ न देणे. श्वास रोखून धरणाऱ्याला जी तगमग होते, ती मुख्यतः आत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. ज्याने ‘कोंडणे’ हा शब्द श्वासाला लावला, त्याने प्रयोगशाळा न पाहता अचूक लावला. सुस्कारा हा आपल्या कादंबऱ्यांत केवळ दुःखाचा आणि विरहाचा मानला जातो. परंतु सुखात असलेला माणूसही तासाभरात दहा-बारा वेळा नकळत सुस्कारा टाकतो, आणि त्या खोल श्वासाने मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडतात. एवढे भांडार घरात असता आमचा शास्त्रीय लेखक परक्या वाक्यांची उसनवारी करतो, याचे आम्हांस वाईट वाटते.

ह्या उसनवारीची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात दिसून आली. ‘प्राणवायू’ हा शब्द तेव्हा प्रत्येक घरात दिवसातून दहादा उच्चारला जात होता. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन आगगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. घरोघरी बोटाला लावावयाचे यंत्र आले. आणि अनेक घरांत एक विलक्षण दृश्य दिसले : यंत्रावर आकडा ९४ च्या पुष्कळ खाली गेलेला, आणि रोगी मात्र शांतपणे बोलत बसलेला. दम लागत नाही, म्हणजे प्राणवायू ठीक आहे. यंत्रच बिघडले असेल, असा तर्क घरच्यांनी केला. शाळेत शिकलेल्या कथेप्रमाणे तो तर्क बिनचूक होता. नायक संकटात आला तर तो हाक मारल्याशिवाय कसा राहील?

परंतु हाक मारणारा दुसराच असतो. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून प्राणवायूच्या वीसपट सुलभतेने जातो. फुप्फुसे आजाराने बिघडली की प्राणवायूची वाट आधी अडते. कार्बन डायऑक्साइड पुष्कळ काळ सुरळीत बाहेर पडत राहतो. तो साचत नाही, म्हणून घंटा वाजत नाही, आणि रोग्याला धाप जाणवत नाही. ह्या मौनाला आणखीही कारणे असतील. हे एक प्रमुख कारण आहे. सहा मिनिटे चालून पुन्हा आकडा पाहावा, असे जे तेव्हा सांगितले जात होते, ते ह्या मौनाला बोलते करण्यासाठीच. ज्या घरी ही गोष्ट कोणी नीट मराठीत सांगितली होती, त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला. जेथे सांगितली नव्हती, तेथे रुग्णालयाची वाट धरण्यास विलंब झाला. वाक्यरचनेतील दोष हा केवळ रसिकांच्या चर्चेचा विषय आहे, असे ह्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

मग आमची मागणी काय? ‘प्राणवायू’ शब्द टाकावा, अशी नाही. तो सुखाने राहो. शास्त्र सोपे करण्यासाठी कथा सांगू नये, असेही नाही. कथा सांगावी, पण पात्रांना सोवळ्याओवळ्याच्या पंक्तीत बसवू नये. कर्ता नसेल तेथे कर्ता उभा करू नये. उपमा द्यावी आणि तिची हद्दही दाखवावी. आणि बोलीतील शब्द शास्त्राच्या दारातून हाकलून देऊ नयेत. कोयनानगरच्या शाळेतील एखाद्या मुलाला हेच पुढीलप्रमाणे सांगता येणार नाही काय?

‘तुझ्या फासळ्यांखाली घुमटासारखा एक पडदा आहे. तो खाली सरकला की छातीत जागा होते आणि बाहेरची हवा आत येते. आत कोट्यवधी लहान कोश आहेत, आणि प्रत्येकाभोवती रक्त वाहते. कोशात प्राणवायू दाट, रक्तात विरळ. म्हणून तो रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइड रक्तात दाट, कोशात विरळ. म्हणून तो कोशात येतो. कोणी कोणाला ओढीत नाही. धरणाचे पाणी पोफळीला जसे उताराने जाते, तसेच हे. मात्र पाण्याचा उतार एक, आणि येथे दोन वायूंचे दोन उतार. तू धावलास की कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, मेंदूला ते कळते, आणि तुला दम लागतो. प्राणवायू कमी झाला तर मात्र ते तुला लवकर कळेलच असे नाही. म्हणून आजारपणात डॉक्टर बोटाला यंत्र लावतात.’

ह्यात अवघड असा एकही शब्द नाही, आणि आमच्या समजुतीप्रमाणे खोटाही नाही. ह्याहून चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ते लिहावे. आणि कोयनानगरच्या पुढच्या प्रवासवर्णनकाराने तेथील हवेची स्तुती अवश्य करावी. फक्त ती धूळ-धूर नसलेल्या, थंड, ओल्या हवेची करावी. तिच्यात नसलेल्या जादा प्राणवायूचे श्रेय तिला देण्याची गरज नाही.